व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट: दोन आकडे माहीत असले की उरलेले दोन कसे काढायचे

पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, गीझर, कुठलीही वस्तू उलटसुलट करून बघा. कुठेतरी एक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १५०० वॅट’ अशा धर्तीचं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण त्यातला वॅटचा आकडा वाचतो आणि पट्टी विसरून जातो. खरं तर व्होल्ट आणि वॅट एवढ्या दोन आकड्यांवरून ती वस्तू किती अँपिअर ओढणार, तिला कुठलं सॉकेट लागणार, वायर किती जाड हवी आणि आतली कॉइल धड आहे का, हे सगळं कागदावर काढता येतं. लागतो फक्त गुणाकार आणि भागाकार. घोळ होतो तो कुठला आकडा कुठे घालायचा आणि तो कोणत्या वेळी मोजलेला हवा, यात. म्हणून सूत्रं झटपट उरकून आपण मोजणीवरच जास्त वेळ घालवू.

सूत्रं दोनच

विद्युतदाब व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये. या चौघांना बांधणारी सूत्रं अशी:

व्होल्ट = अँपिअर × ओहम

वॅट = व्होल्ट × अँपिअर

पहिल्यावरून रोध काढायचा तर ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर. दुसऱ्यावरून धारा काढायची तर अँपिअर = वॅट ÷ व्होल्ट. दोन्ही एकमेकांत घातली की आणखी दोन रूपं मिळतात:

वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

दोन्हींचं उत्तर एकच येतं, पण सोयीची जागा वेगळी. भिंतीतल्या सॉकेटवर लावलेल्या वस्तूसाठी दुसरं रूप वापरा, कारण तिथे दाब ठरलेला असतो. वायर, सांधे, प्लगच्या पिना यांच्यासाठी पहिलं, कारण त्यांच्यातून किती धारा जाणार हे पुढे जोडलेली वस्तू ठरवते. ही अदलाबदल झाली की ‘रोध वाढला की उष्णता वाढते की कमी होते?’ हा नेहमीचा गोंधळ होतो. दाब कायम असेल तर रोध वाढल्यावर वॅट कमी होतात, धारा कायम असेल तर वाढतात. दोन्ही खरं आहे.

आणखी एक जागा सांभाळायची. सूत्रात आकडे घालताना मिलिअँपिअरचे अँपिअर आणि किलोओहमचे ओहम करून घ्या. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२० अँपिअर. सरावाच्या पहिल्या आठवड्यात उत्तर हजारपटीने चुकलं तर सूत्राला दोष न देता आधी इथे बघा.

टेबलावरची पहिली मोजणी

सुरुवात ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर करायची, घरातल्या २३० व्होल्टवर नाही. लागणारं सामान थोडं: बॅटरी, तिची क्लिप, १००० ओहमचा रेझिस्टर आणि एक डिजिटल मल्टिमीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डीटी-८३० जातीचा पिवळा मीटर स्वस्तात मिळतो, तो पुरे. रेझिस्टरवर तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी असे पट्टे असतील. सोनेरी पट्टा म्हणजे छापील किमतीपेक्षा ५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे ९५० ते १०५० ओहममध्ये काहीही निघालं तरी माल चांगला.

पायरी १. मीटरची काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात आणि लाल वायर व्होल्ट-ओहम-मिलिअँपिअरच्या भोकात घाला. १० अँपिअरचं तिसरं भोक रिकामं राहू द्या. स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर बहुधा फ्यूज नसतो.

पायरी २. बॅटरीचं एक टोक रेझिस्टरला जोडा. रेझिस्टरचं दुसरं टोक आणि बॅटरीचं उरलेलं टोक यांच्या मध्ये मीटर येऊ द्या. चकती डीसी (म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी धारा) अँपिअरच्या २० मिलिअँपिअरवर ठेवा. धारा मोजताना मीटर वाटेत बसतो, म्हणजे सगळी धारा त्याच्या पोटातून जाते. समजा ९.३ मिलिअँपिअर दिसले.

पायरी ३. मीटर काढा आणि वाट सरळ जोडून घ्या. आता चकती डीसी २० व्होल्टवर नेऊन दोन टोकं रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंना टेकवा. दाब मोजताना मीटर वाटेत न बसता बाजूने लागतो. समजा ९.२ व्होल्ट आले.

पायरी ४. ९.२ ÷ ०.००९३ = ९८९ ओहम. ९.२ × ०.००९३ = ०.०८६ वॅट. रेझिस्टर नेहमीचा पाव वॅटचा असेल तर त्याला हे सहज झेपतं.

पायरी ५. बॅटरी सोडवा आणि मोकळ्या रेझिस्टरवर मीटर २००० ओहमच्या खुणेवर लावा. पाचदहा ओहमच्या फरकाने तोच आकडा यायला हवा. थोडा फरक राहतो, कारण २० मिलिअँपिअरच्या खुणेवर मीटर स्वतःच वाटेत साधारण १० ओहम घालतो. वाटेत काही जोडलेलं असताना ओहम कधीच मोजू नका. बाजूच्या वाटाही मोजल्या जातात आणि बॅटरी चालू असेल तर मीटर भलतंच काही दाखवतो.

पायरी ३ मध्ये दाब मोजताना रेझिस्टर जोडलेलाच ठेवला, याकडे लक्ष द्या. मोकळ्या बॅटरीचा दाब आणि काम करणाऱ्या बॅटरीचा दाब वेगळा असतो. १००० ओहमवर हा फरक नगण्य असतो, पण १०० ओहमचा रेझिस्टर लावून बघा. साध्या स्वस्त बॅटरीचा दाब लगेच बसतो. गेओर्ग ओहम यांना याच गोष्टीने छळलं होतं. जर्मनीतल्या कोलोन शहरात ते शाळेत शिकवत आणि वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती धारा जाते ते मोजत. त्या काळच्या बॅटरीचा दाब डळमळायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. मग भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सुचवण्यावरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि टोकांच्या तापमानातल्या फरकावर दाब देणारी तांबं-बिस्मथची जोडी वापरली. तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. दाब अगदी थोडा, पण स्थिर. त्यावर आकडे बसले आणि १८२७ साली ओहमचा नियम, म्हणजे आपलं पहिलं सूत्र, पुस्तकातून आला. त्यांच्याच मायदेशात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोपली पदक दिलं. म्हणून व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही एकाच स्थितीतले, काम चालू असतानाचे घ्या.

१०० ओहमवर एक हिशोब करूनच बघा. दाब बसून ८ व्होल्ट झाला तरी ८ × ८ ÷ १०० = ०.६४ वॅट. पाव वॅटच्या रेझिस्टरला हे अडीचपट जास्त. काही सेकंदांत तो चटका देईल आणि वासही येईल. ओहम बरोबर निवडूनही वस्तू जळते ती अशी. नेमाने चालायच्या जागी मी तरी काढलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर लावतो.

एलईडीला रेझिस्टर कुठला?

नवख्या माणसाला या सूत्राची पहिली गरज इथे पडते. एलईडीवर ओहमचा नियम थेट लागत नाही. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टला उजळतो आणि समजा १५ मिलिअँपिअर घेतो. भागाकार केला तर १३३ ओहम येतात. म्हणून दीड व्होल्टला तो ११ मिलिअँपिअर घेईल असं म्हणाल तर फसाल. तिथे तो जवळजवळ काहीच घेत नाही. उलट २ च्या थोडं वर गेलं की धारा झपाट्याने चढते. त्यामुळे धारेला आवर घालायला रेझिस्टर लागतो, आणि नियम लावायचा तो रेझिस्टरवर.

१२ व्होल्टचा अॅडॉप्टर आहे. एलईडी २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, रेझिस्टरच्या वाट्याला १० उरतात. १० ÷ ०.०१५ = ६६७ ओहम. बाजारात ६६७ मिळत नाही, ६८० मिळतो. निळा, राखाडी, तपकिरी. आता उलटा ताळा: १० ÷ ६८० = ०.०१४७ अँपिअर, म्हणजे १४.७ मिलिअँपिअर. वॅट १० × ०.०१४७ = ०.१४७. पाव वॅटचा चालतो. बंद डबीत बसवणार असाल तर अर्ध्या वॅटचा घ्या. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला २ च्या जागी ३ व्होल्ट धरा, बाकी सगळं तेच.

घरातला रॉड, सॉकेटला हात न लावता

आता २३० व्होल्ट. इथे एक नियम पाळायचा: मल्टिमीटर अँपिअरच्या खुणेवर ठेवून भिंतीतल्या सॉकेटजवळ न्यायचा नाही. अँपिअरच्या खुणेवर मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. सॉकेटच्या दोन भोकांत टोकं घातली तर तो सरळ शॉर्टसर्किट होतो आणि मीटर हातात फुटू शकतो. शिवाय हा पिवळा मीटर एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखी सतत दिशा बदलणारी, धारा मोजतच नाही. तिची गरजही नाही. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या रॉडचे चारही आकडे आपण दोन बिनधोक मोजण्यांवरून काढू.

पहिली मोजणी रोधाची. रॉड सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढलेला, कोरडा आणि थंड असू द्या. मीटर २०० ओहमच्या खुणेवर ठेवा आणि आधी त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून आकडा लिहून घ्या, समजा ०.६. हा मीटरच्या वायरींचा रोध आहे. मग प्लगच्या खालच्या दोन पिनांवर टोकं धरा. समजा ३५.९ दिसले. त्यातून ०.६ वजा, उरले ३५.३ ओहम.

२३० × २३० = ५२९००. भागिले ३५.३ = १४९९ वॅट. पट्टीवरच्या १५०० शी गाठ पडली. पाचदहा टक्क्यांचा फरक असला तरी काळजी नको. डाव्या बाजूला नुसता ‘१’ दिसला तर कॉइल तुटली आहे, आणि दहाबारा ओहमच दिसले तर आत कुठेतरी वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत. असा रॉड भंगारात.

याच वेळी आणखी एक तपासणी करून टाका. मीटर २००० किलोओहमवर ठेवा, एक टोक वरच्या जाड अर्थ पिनेवर आणि दुसरं खालच्या पिनेवर. इथे नुसता ‘१’ दिसायला हवा. कुठलाही आकडा दिसला तर आतला थर ओल धरून आहे, वीज रॉडच्या अंगावर येऊ शकते. बादलीत हात घालून पाणी तापलं का बघणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून ही एक मिनिटाची तपासणी वॅट काढण्यापेक्षा महत्त्वाची. प्लगला अर्थ पिनच नसेल तर तो रॉड वापरू नका.

थंड रॉडचा रोध मोजून तापलेल्या रॉडचे वॅट काढता येतात याचं कारण कॉइलचा धातू. ती नायक्रोमची असते, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली या जातीच्या मिश्रधातूंचं पेटंट मिळालं. तापल्यावर त्याचा रोध काही टक्केच बदलतो. सगळ्या धातूंचं असं नसतं, ते पुढे येईलच.

दुसरी मोजणी विजेच्या मीटरवर. दाराशी किंवा जिन्याखाली असलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. ३२०० हा आकडा बऱ्याच मीटरवर दिसतो, कुठे १६००, कुठे ६४००. तुमच्या मीटरवरचा वाचून घ्या.

एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तासभर. तासाचे सेकंद ३६००, म्हणून एक युनिट ३६,००,००० ज्यूल. याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकण्यामागे ११२५ ज्यूल.

आता घरातलं बाकी सगळं बंद करा. फ्रिज, राऊटर, देवघरातला दिवासुद्धा. रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटण चालू करा आणि मोबाइलच्या घड्याळावर दहा लुकलुकण्यांचा वेळ घ्या. मोजायला सुरुवात करताना दिसतो तो दिवा शून्य, मग एक, दोन. समजा ८ सेकंद लागले. दहांचे ज्यूल ११,२५०. भागिले ८ = १४०६ वॅट.

कागदावर १४९९ होते, इथे १४०६. रॉड तोच आहे, दाब २३० नाही एवढंच. किती आहे? वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम हे सूत्र उलटं फिरवा: १४०६ × ३५.३ = ४९,६३२, त्याचं वर्गमूळ साधारण २२३. म्हणजे या क्षणी सॉकेटवर सुमारे २२३ व्होल्ट आहेत. धारा १४०६ ÷ २२३ = ६.३ अँपिअर.

दाबाच्या वर्गावर वॅट अवलंबून असल्याने थोडासा दाब पडला तरी रॉड फार मंदावतो. गावाकडे संध्याकाळी १८० व्होल्ट आले तर १८० × १८० ÷ ३५.३ = ९१८ वॅट. बादलीत १५ लिटर पाणी आहे आणि ते २५ अंशांवरून ४५ वर न्यायचंय, तर सुमारे १२,५६,००० ज्यूल लागतात. बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर १४०६ वॅटवर १५ मिनिटं, ९१८ वर २३. ‘रॉड जुना झाला, पाणी लवकर तापत नाही’ ही तक्रार पुष्कळदा दाबाची असते. ओहम मोजून बघा; ३५ च्या आसपास असतील तर नवा रॉड आणून फरक पडणार नाही.

सॉकेट, वायर आणि काळी पडलेली पिन

भारतात घरी दोन मापांची सॉकेट असतात, ६ अँपिअरचं लहान आणि १६ अँपिअरचं मोठं. रॉड २३० वर ६.५ अँपिअर घेतो, म्हणजे तो मोठ्या सॉकेटचा गिऱ्हाईक. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर, लहान सॉकेटवर चालते. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर आणि ३००० चा झटपट गीझर १३ अँपिअर. यांचे ओहम तुम्हीच काढून बघा. इस्त्रीचे ५३, गीझरचे २६ आणि १८ च्या जवळ येतील. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर रॉड आणि इस्त्री एकदम लावली की १०.८ अँपिअर. बोर्डवर भोकं चार आहेत म्हणून त्याची क्षमता चौपट होत नाही.

वायरीचा रोध काढायला एक आकडा लक्षात ठेवा: १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम. लांबीने गुणायचं, जाडीने भागायचं. धारा जाते तशीच परत येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची. ०.७५ चौरस मिलिमीटरचा ५ मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला तर १० × ०.०१७२ ÷ ०.७५ = ०.२३ ओहम. रॉडचे ६.३ अँपिअर त्यातून गेले की ६.३ × ६.३ × ०.२३ = ९ वॅट. पाच मीटरभर पसरलेले ९ वॅट वायरीला थोडं कोमट करतात. तीच वायर गुंडाळी करून गादीखाली सारली तर ते ९ वॅट एका जागी कोंडतात आणि प्लास्टिक मऊ पडायला लागतं.

त्याहून वाईट म्हणजे ढिली पिन. सॉकेटची पत्ती सैल झाली, तिच्यावर काजळी धरली, आणि समजा तिथे अर्धा ओहम तयार झाला. ६.३ × ६.३ × ०.५ = २० वॅट, तेही डाळीएवढ्या जागेत. इलेक्ट्रॉनिक्सवाले कथील वितळवायला २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न वापरतात. पिन काळी पडते, प्लगचं प्लास्टिक पिवळं होऊन वितळतं, आणि आपण रॉडला दोष देतो. प्लग बदलून भागत नाही. सॉकेटची पत्ती सैल राहिली तर नवा प्लगही महिन्याभरात तसाच होतो. मेन बंद करून सॉकेटच बदलून घ्या.

फोनच्या बारीक केबलचंही गणित हेच. ५ व्होल्ट, २ अँपिअर, आणि केबलचा येऊनजाऊन रोध ०.२५ ओहम; अर्धा व्होल्ट वाटेतच गेला, फोनपर्यंत साडेचार पोचले.

हा हिशोब कुठे फसतो

जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मिळाला तर थंड असताना त्याचे ओहम मोजा. ४० च्या आसपास येतील. ५२९०० ÷ ४० केलं तर १३०० वॅटच्या वर! बल्ब काही खोटं बोलत नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो, २३० × २३० ÷ १०० म्हणजे ५२९ ओहम होतो. चालू करताक्षणी मात्र ती थंडच असते आणि क्षणभर कितीतरी जास्त धारा ओढते, म्हणूनच असे बल्ब बहुधा बटण दाबतानाच जायचे. थंड रोधावरून वॅट काढणं नायक्रोमला चालतं, टंगस्टनला नाही.

पंखा, मिक्सर, पंप, फ्रिज यांच्यात वेटोळी असतात आणि एलईडी बल्ब, चार्जर यांच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट. एसीवर यांची धारा दाबाबरोबर एका तालात चढत-उतरत नाही, त्यामुळे वॅट = व्होल्ट × अँपिअर एवढ्यावर भागत नाही; पुढे पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तो १ किंवा त्याहून कमी असतो. ९ वॅटच्या बल्बचा हिशोब ९ ÷ २३० = ०.०३९ अँपिअर येतो. पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर प्रत्यक्षात ०.०७८ अँपिअर वाहतात. घरगुती बिल वॅटचंच येतं, पण वायर आणि इन्व्हर्टर यांना अँपिअर सोसावे लागतात. इन्व्हर्टरवर वॅटऐवजी व्हीए, म्हणजे नुसता व्होल्ट × अँपिअरचा गुणाकार लिहितात तो यासाठी. ७५ वॅटचे तीन पंखे आणि ९ चे सहा बल्ब मिळून २७९ वॅट. सरासरी पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ३४९ व्हीए.

इन्व्हर्टरचं निघालंच आहे तर त्याच्या बॅटरीकडे बघा. तेच २७९ वॅट १२ व्होल्टवरून घ्यायचे म्हणजे २३ अँपिअर, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून २७. बॅटरीच्या वायरी इतक्या जाड का असतात ते यावरून कळेल. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढून ०.०५ ओहम झाले तर २७ × २७ × ०.०५ = ३६ वॅट त्या नटाखाली. ती बुरशी दिसली की इन्व्हर्टर बंद करून गरम पाण्याने धुवा, घासून कोरडी करा आणि नट आवळा.

अशा वस्तूंची धारा बघायला क्लॅम्प मीटर लागतो. त्याचा चिमटा एकाच वायरीभोवती धरायचा. दोन्ही वायरी एकदम पकडल्या तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खाऊन शून्य दिसतं.

विहिरीवरचा पंप

शेतावर ५ अश्वशक्तीची थ्री-फेज (तीन तारांतून वीज घेणारी) मोटार असेल तर ७४६ × ५ = ३७३० वॅट, पण हे शाफ्टवर मिळणारे. धारा काढायला ४१५ व्होल्टने तर भागायचंच, शिवाय १.७३ (तीनचं वर्गमूळ), पॉवर फॅक्टर आणि मोटारीची कार्यक्षमता या तिन्हींनीही भागावं लागतं. ढोबळमानाने साडेसात अँपिअर धरा, नेमका आकडा मोटारीच्या पट्टीवर असतो.

रॉडचा दाब पडला की तो कमी धारा घेतो आणि गप्प मंदावतो. मोटार उलटी वागते. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून दाब पडला की ती जास्त अँपिअर ओढते. धारा वीस टक्के वाढली तर वायंडिंगमधली उष्णता १.२ × १.२, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यात मोटारी जळतात त्यातल्या कित्येक अशा. लाईनचा दाब आपल्या हातात नाही, पण मीटरच्या खोलीपासून विहिरीपर्यंतची केबल आपण निवडतो.

अंतर ३०० मीटर धरू. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची केबल: ३०० × ०.०१७२ ÷ ४ = १.२९ ओहम एका तारेचे. थ्री-फेजमध्ये परतीची तार नसते, म्हणून लांबी दुप्पट न करता दोन फेजमधली घट काढताना १.७३ ने गुणायचं. ७.५ × १.२९ × १.७३ = १७ व्होल्ट. केबलमध्ये जाणारे वॅट ३ × ७.५ × ७.५ × १.२९, म्हणजे सुमारे २१८. पैसे वाचवायला २.५ ची घेतली तर २७ व्होल्ट आणि ३४८ वॅट. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून बिल माफ आहे, तेव्हा या जास्तीच्या वॅटचं कुणाला फार वाटणार नाही. मोटारीला मात्र ते १० व्होल्ट कमी मिळतात.

घट ५ टक्क्यांच्या आत ठेवायची असं धरलं तर ४१५ चे ५ टक्के म्हणजे २१ व्होल्ट. ४ ची केबल बसते, २.५ ची बसत नाही. सबमर्सिबल असेल तर बोअरची खोली अंतरात मिळवायला विसरू नका. अंतर ५०० मीटर झालं की ४ ची घटही २८ व्होल्टवर जाते. मग ६ ची केबल घ्यावी लागते, तिची घट १९ च्या आत राहते.